चाकातून घुमणारा आवाज: माझा अनुभव
मडगावहून पणजीला जाताना राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वेग ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेला की गाडीतून भुंग्यासारखा घुमणारा आवाज येई. गिअर न्यूट्रलमध्ये टाकूनही तो तसाच राहिल्याने इंजिनाचा संशय मिटला. पुढचे टायर मागे बसवूनही फरक पडला नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर येतो, आणि नेमका तेव्हाच आवाज वाढत असल्याने डाव्या बाजूचे बेअरिंग (चाक सहज फिरू देणारा भाग) खराब असावे, असा माझा कयास झाला. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवली, एक हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवले, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाची खरखर स्पष्ट जाणवली. (चाक हलवून पाहता ते सैल नव्हते, म्हणून त्या एकाच परीक्षेवर विसंबू नये.) मेकॅनिकने बेअरिंग बदलले आणि झुआरी पुलावर गाडी शांत धावली.