मका महागला की ब्रॉयलरच्या खाद्यात बाजरी

मक्याचा भाव चढला की ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात थोडी बाजरी घालायला हरकत नाही. मक्यात प्रथिने साधारण 8-9 टक्के, बाजरीत 11-12. म्हणून सोयापेंडही किंचित कमी लागते. ऊर्जा मात्र थोडी कमी पडते, ती खाद्यतेलाने भरून काढावी. पहिले दहा दिवस पिलांना नेहमीचे स्टार्टरच (लहान पिलांचे सुरुवातीचे खाद्य) द्या. पुढे मक्याच्या चौथ्या हिश्शाच्या जागी बाजरी घाला, तीही चार-पाच दिवसांत हळूहळू. बाजरीचा दाणा बारीक असतो, भरडताना बारीक छिद्रांची चाळणी लावा, नाहीतर अख्खा दाणा निसटतो.

बाजरीत मक्याचा पिवळा रंग नसतो, त्यामुळे पाय आणि कातडी फिकट दिसते. हा आजार नव्हे, पण व्यापारी भाव पाडू शकतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि एक कळकळीचे सांगणे: पावसात भिजून काळी पडलेली बाजरी-ज्वारी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, उन्हात वाळवूनही जात नाही. बाजरीत अरगटाचे (कणसावरचा बुरशीजन्य रोग) काळपट, लांबट दाणेही तपासा. ओंजळभर धान्य नाकाशी धरा. कुबट वास आला तर पोते परत करा.