पेशी मेल्या, पण वायूनेच का? प्रकाशाने नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या फिल्मच्या प्रयोगात या चुका टाळा

स्नॅप (नायट्रिक ऑक्साइड सोडणारे संयुग, म्हणजे ‘डोनर’) मिसळलेली पॉलिमरची फिल्म हिरवट दिसते. प्रकाश पडला की ती नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि फिकट होत जाते. तेव्हा पेशींच्या प्लेटमध्ये ठेवण्याआधी रंग बघाच. फिकी पडली असेल तर ती वाटेतच रिकामी झाली. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे लॅमिनार फ्लोचा (निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) यूव्ही दिवा: निर्जंतुक करायला म्हणून फिल्म त्याखाली ठेवतात आणि सगळा वायू तिथेच उडून जातो. ऑटोक्लेव्ह तर नकोच, उष्णतेनेही डोनर फुटतो. फिल्मचे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या, त्यातल्या द्रावकात टिकणाऱ्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक जागीच थर द्या. मग फॉइलमध्ये, सिलिका जेलसह, उणे २० अंशांवर ठेवा.

सांगलीत पावसाळ्यात थर दिला की तो पांढरा, दुधट होतो. टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर जमते. झाकण ठेवून सावकाश वाळवा.

आता मुख्य भानगड. निळ्या प्रकाशात पेशींच्या पोषक माध्यमातल्या रायबोफ्लेविनपासून (ब-२ जीवनसत्त्व) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि तेवढ्यानेही पेशी मरतात. शिवाय एलईडीने वेल (प्लेटमधला पेशींचा खळगा) तापते. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वेलमध्येच बुडवून बघा, शेजारी नव्हे. म्हणून तुलनेसाठी चार वेल हव्यातच: भरलेली फिल्म अंधारात, कोरी (स्नॅप नसलेली) फिल्म प्रकाशात, भरलेली फिल्म प्रकाशात, आणि आधीच पूर्ण रिकामी केलेली फिल्म प्रकाशात. ही चौथी सगळे टाळतात, पण डोनरच्या उरलेल्या भागाचा दोष तीच दाखवते. डोनर पाझरतोय का, हे वेगळे तपासा: फिल्म अंधारात माध्यमात भिजवा, काढून घ्या, मग नुसत्या माध्यमावर प्रकाश टाका. नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून माध्यमात बनणारे) वाढले, तर वायू फिल्ममधून नव्हे, द्रावणातून येतोय.

मात्रा ‘दहा मिनिटे’ अशी लिहू नका. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट, ६०० सेकंद, म्हणजे ६ जूल. मोजमाप वेलच्या तळाशी. भारनियमनात इन्व्हर्टरवर गेलात तर पुन्हा मोजा.

९६ वेलच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर माध्यमाची उंची साधारण ३ मिलिमीटर भरते. फिल्म वर तरंगत राहिली तर बराच वायू हवेत निसटतो, वाटेतही ऑक्सिजनशी जुळून नायट्राइट बनतो. थराची बाजू पेशींकडे, शक्य तितकी जवळ ठेवा.

ग्रीस चाचणीत (नायट्राइट रंगावरून मोजणारी) फिनॉल रेड हा रंग नसलेले माध्यम घ्या, नाहीतर ५४० नॅनोमीटरचे वाचन फुगते. नायट्रेट रिडक्टेजवाला (नायट्रेटचेही नायट्राइट करून मोजणारा) किट असेल तर आरपीएमआय हे माध्यम वापरूच नका, त्यात कॅल्शियम नायट्रेट मुळातच असते. आणि थायॉल (डोनरमधून उरणारे गंधकयुक्त संयुग) उरले असेल तर एमटीटी (जिवंत पेशी मोजायचे रंगद्रव्य) पेशींशिवायही जांभळे होते. एक वेल बिनपेशींची ठेवा.