उमय्यद नाण्यावर 'दिरहम' हे नाव कसं शोधायचं

दिरहम म्हटलं की आपल्याला दुबईचा पगार आठवतो. मला मात्र हे नाव वाचायला आवडतं ते उमय्यद या सातव्या-आठव्या शतकातल्या अरब घराण्याच्या खलिफांच्या चांदीवर, कारण ते नाणं आपलं नाव स्वतःच सांगतं. अरबी येत नसलं तरी चालेल. भिंग घ्या आणि उजेड तिरका पडू द्या.

मधोमध तीन ओळी असलेली बाजू वर ठेवा. मागच्या बाजूला चार असतात. कडेचा मजकूर घड्याळाच्या उलट दिशेने वाचायचा, अक्षरांचे पाय मध्याकडे. सुरुवात 'बिस्मिल्लाह'ने होते. अक्षरं शोधत बसू नका, उभे दांडे बघा. लागोपाठ तीन दांडे दिसले की तो 'अल्लाह'. पुढे 'दुरिब', म्हणजे पाडलं, आणि मग पुन्हा तीन दांडे: पहिला 'हाझा'चा शेवट, उरलेले दोन 'अल्'चे. त्यांना खेटूनच 'दिरहम'. हा दिरहम पाडला, कुठे? लगेच टांकसाळीचं गाव येतं, दिमश्क (दमास्कस) किंवा इराकमधलं वासित, आणि मग अक्षरी हिजरी साल, आधी एकक, मग दशक.

सालापाशी घाई नको. या कूफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी लिपीत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसल्यात जमा, त्यामुळे सात ('सब्अ') आणि नऊ ('तिस्अ') दोन्हींना चार दातच (छोटी उभी टोकं) दिसतात. कोरणारा जाणता असेल तर एक दात उंच ठेवतो: पहिला उंच तर नऊ, चौथा उंच तर सात. मिळालेल्या सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा.

हिजरी ७९, म्हणजे इ.स. ६९८-९९ असं आलं तर नाणं नीट जपा. खलिफा अब्द अल्-मलिकने चित्र काढून टाकून निव्वळ अक्षरांचे दिरहम सुरू केले, त्या पहिल्या खेपेचं ते आहे. त्याआधी अरबांची चांदी इराणच्या सासानी छापाची होती, राजाच्या मुखासकट. नावही तिकडूनच आलं: जुन्या इराणी पहलवी भाषेतलं 'द्रह्म', त्यामागे ग्रीक 'द्राख्मे', म्हणजे मूठभर. जुन्या ग्रीकांत लोखंडी सळ्या चलन म्हणून चालत, त्या सहा मुठीत मावत असं परंपरा सांगते. हाच द्राख्मे आपल्याकडे 'द्रम्म' झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो, भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाच्या कोष्टकात सोळा पणांचा एक द्रम्म होतो, आणि आपला 'दाम' त्याचाच.

सोन्याचा दिनार हाती आला तर हीच रीत वापरा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध तीनच ओळी असतात, म्हणून 'बिस्मिल्लाह'ने सुरू होणारी कड शोधा. आणि गाव शोधत बसू नका. उमय्यद दिनारावर ते बहुधा नसतं.