मल्टीमीटर लावण्याआधी लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघा

आपल्याकडे चोपडा, यावल, रावेर भागात केळीच्या मळ्यात गेलं की स्टार्टरच्या पेटीत नाहीतर मोटारसायकलच्या डिक्कीत व्होल्ट, करंट, ओहम मोजायचं एक पिवळं मल्टीमीटर हमखास सापडतं. दोन-अडीचशे रुपयात मिळतं, मोटार बंद पडली की वायरमन येईस्तोवर हातावर हात धरून बसायला नको म्हणून पोरं घेऊन ठेवतात, आणि नुसत्या टेस्टरवर काम करण्यापेक्षा ते कधीही चांगलं. पण वापरायचं कसं हे धड कोणी सांगत नाही, एकाचं बघून दुसरा शिकतो आणि त्याच्या चुका पण शिकतो. म्हणून हे लिहितोय.

आधी माझं सांगतो. त्या दिवशी दुपारी मी मीटरने मोटारसायकलच्या बॅटरीचा करंट मोजला होता, त्यासाठी लाल वायर १० अँपियरच्या भोकात टाकलेली आणि ती तशीच राहून गेली. रात्रीची लाईन होती, मोटार उचलेना म्हणून हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन विहिरीवर गेलो, डायल एसी ७५० वर फिरवली, दोनदा बघितली, पण भोक काही बघितलं नाही. दोन फेजला टोकं टेकवली आणि डोळ्यासमोर पांढरा लख्ख उजेड झाला, मोठा आवाज झाला, एका टोकाचं धातू वितळून गेलं, उजव्या हाताची दोन बोटं भाजली आणि बराच वेळ डोळ्याला काही दिसेना. वडील अंधारात बांधावरून पळत आले, "काय व्हयनं रे भाऊ, काय व्हयनं" एवढंच म्हणत होते, त्यांचा तो आवाज अजून विसरलो नाही.

झालं काय होतं ते समजून घ्या. १० अँपियरच्या भोकाच्या आत फक्त एक जाड तारेचा तुकडा असतो, तो सरळ काळ्या वायरच्या कॉम भोकाला जोडलेला. म्हणजे लाल वायर तिथे असली की डायल कुठेही असू दे, तुमचं मीटर ही नुसती तार झाली, आणि मी दोन फेज तारेने जोडून दिले. स्वस्तातल्या मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं, म्हणजे आत फ्यूजच नाही. त्यामुळे दर वेळी टोकं टेकवण्याआधी बोटाने भोक चाचपायचं, काळी कॉममध्ये, लाल व्होल्ट-ओहमवाल्या भोकात, मग डायल, मग काम. आणि करंट मोजून झाला की त्याच मिनिटाला लाल वायर परत जागेवर, नंतर करू नाही. खरं तर मोटारीचा करंट मल्टीमीटरने मोजायचाच नाही, ५ एचपीची मोटार चालताना ८-९ अँपियर घेते आणि उचलताना त्याच्या पाच-सहा पट, त्याला क्लॅम्प मीटर लागतं, वायर न तोडता बाहेरून पकडायचं.

घरातल्या सॉकेटला, बॅटरीला ते स्वस्त मीटर एक वेळ चालेल पण स्टार्टरवर थ्री फेजला लावायचं असेल तर भोकांजवळ 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' (सुरक्षेचा दर्जा) लिहिलेलं आणि आत काचेच्या ऐवजी एचआरसी म्हणजे वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असलेलं घ्या. डीपीच्या म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जवळ शॉर्ट झाला तर हजारो अँपियर धावतात, काचेचा फ्यूज तिथे फुटतो आणि तरी आतला जाळ तोडू शकत नाही. वायरीसुद्धा त्याच ताकदीच्या हव्या. टोकाचं उघडं धातू जेमतेम ४ मिलिमीटर असलेल्या वायरी मिळतात, त्याच घ्या, कारण लांब टोक स्टार्टरच्या आत घसरलं की शेजारच्या स्क्रूला लागतं. वायरीला चीर पडली, मुळाशी तांबं दिसायला लागलं तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, फेकून द्या.

आता स्टार्टरचं काम क्रमाने सांगतो. पायात कोरडी रबरी चप्पल नाही तर बूट, पाटाचं पाणी पायाखाली असेल तर कोरडी फळी टाका, हातातलं कडं घड्याळ काढा, दुसरा हात खिशात. काळ्या वायरला मगरचिमटा लावून घेतला तर एका हाताने लाल टोक धरून सगळं मोजता येतं, दोन्ही हात पेटीत घालायची वेळ येत नाही. काळी आधी लावायची, लाल नंतर, काढताना लाल आधी. बोटं प्लास्टिकच्या कठड्याच्या मागेच ठेवा.

मोजायचं कसं तर मोटार बंद ठेवून, स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूला, तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात, त्यांच्या आर-वाय, वाय-बी, बी-आर अशा तीन जोड्या. पुस्तकात ४०० ते ४१५ सांगतात, आपल्या गावाकडे लोड असला की ३६०-३७० पण दिसतं, पण तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. दोन जोड्यांमध्ये भलताच कमी आकडा आणि एकीत बरोबर, तर त्या दोन्हीत जो फेज सामाईक आहे तो गेलेला. हे मोटार चालू असताना बघून बरेच जण फसतात, कारण एक फेज गेला तरी चालती मोटार स्वतःच त्या तिसऱ्या टोकावर व्होल्टेज परत ढकलते, टेस्टर तिन्हीकडे लागतो, मीटरवर पण तीनशेच्या वर दिसतं, माणूस म्हणतो लाईन बरोबर आहे आणि तासाभरात मोटार जळून भरायला (रिवाइंडिंगला) द्यावी लागते.

हात घालून काही खोलायचं असेल तर आधी ऑटो स्विच बंद. लाईन गेलेली असते, माणूस निवांत स्क्रू सोडत असतो, आणि लाईन आली की ऑटोमुळे स्टार्टर आपोआप उचलतो. मग मेन बंद, किटकॅट म्हणजे फ्यूजचा निघणारा तुकडा काढून थेट आपल्या खिशात, पेटीवर ठेवायची नाही कारण दुसरा कोणी येऊन बसवतो. त्यानंतर तीन पायऱ्या, यात कधीच काटछाट करू नका. आधी मीटर जिथे लाईन नक्की आहे तिथे लावून आकडा दाखवतंय का बघा, मग जिथे हात घालायचा तिथे प्रत्येक फेज एकमेकांशी आणि अर्थशी मोजून शून्य बघा, मग परत त्या चालू लाईनवर लावून मीटर अजून जिवंत आहे का बघा. मधल्या वेळात वायर तुटली किंवा सेल उतरला तर मेलेलं मीटर पण शून्यासारखंच दिसतं. कंडेन्सर (कॅपॅसिटर) लावलेला असेल तर लाईन काढल्यावर सुद्धा त्याच्यात चार्ज भरलेला राहतो, त्याच्या दोन टोकांना १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरसकट लावून रिकामा करा, मग व्होल्ट मोजून खात्री करा.

ओहम आणि बझर फक्त मेलेल्या सर्किटवर. केबल स्टार्टरमधून सोडून २०० ओहमवर तीन जोड्या मोजल्या की तिन्ही सारख्या यायला पाहिजेत, काही ओहमच असतात, आणि आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून वायरीचा जो आकडा येतो तो वजा करा. मग केबल ते बोअरची लोखंडी केसिंग, सगळ्यात मोठ्या रेंजवर. इथे डाव्या बाजूला एकटा '१' दिसला तर तो एक ओहम नव्हे, त्याचा अर्थ मीटरच्या आवाक्याबाहेर, म्हणजे मोकळं आहे, चांगलं आहे. या '१' पायी चांगल्या मोटारी विनाकारण वर काढलेल्या मी बघितल्यात. तरी मल्टीमीटर आतून दोन-तीन व्होल्टवरच तपासतं, ओल धरलेलं वाइंडिंग त्याला दिसत नाही, ती खात्री ५०० व्होल्टच्या मेगरने म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने करून घ्या.

आता कूलर, कारण एप्रिल लागला की जळगाव भुसावळला पारा ४५ ला टेकतो, घरोघरी पत्र्याचे कूलर निघतात आणि दर वर्षी कुठेतरी पाणी भरताना शॉक लागल्याची बातमी येतेच. कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सवय म्हणून सोडू नका. डायल एसीच्या मोठ्या रेंजवर, काळं टोक चांगली अर्थिंग असलेल्या सॉकेटच्या वरच्या जाड भोकात, लाल टोक कूलरच्या पत्र्याला, पण जिथे रंग खरवडलेला आहे तिथे, रंगावर टेकवलं तर काहीच दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल सगळं बरोबर. दोन-चार व्होल्टच्या वर दिसलं की बटण नाही, पिनच काढा. कधी कधी ६०-७० व्होल्ट दिसतात आणि ते नुसतं शेजारच्या वायरीचं उसनं व्होल्टेज असतं, मीटर फार कमी करंट घेतं म्हणून ते पण दाखवतं, पण ते उसनं की खरं हे हात लावून ठरवायचं नाही. पिन काढलेली ठेवूनच पंपाची वायर कुठे पत्र्याच्या कडेला घासलीय ते शोधा, बहुतेक वेळा तिथेच असते.

सॉकेटला पण एकदा मोजून घ्या, समोरून बघताना उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच कमी म्हणजे अर्थिंग तुटलेलं, पण बरोबर आलं तरी अर्थिंग मजबूत आहे असं समजू नका, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला तरी मीटर २३० दाखवू शकतं. खड्ड्यात पाणी टाकत जा आणि बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच बसवून घ्या.

सोलर पंपवाल्यांना एकच सांगतो, पॅनलकडून येतं ते डीसी आहे, एसीवर मोजलं तर शून्य दिसू शकतं आणि वायर भरलेली असते. पॅनल ओळीने जोडले की काही ठिकाणी ६०० व्होल्टच्या पुढे जातं, आपल्या मीटरची हद्द आधी वाचा, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढू नका, डीसीचा जाळ तुटत नाही, तो ओढत ओढत लांब होतो.

सेलचं चिन्ह दिसायला लागलं की आकडे फुगून येतात, सेल बदला, आणि मागचं झाकण उघडण्याआधी दोन्ही वायरी काढून घ्या. पावसाळ्यात मोटार महिनोन्महिने बंद असते तेव्हा ९ व्होल्टचा सेल काढून ठेवा नाही तर आत गळतो, मीटर बंद करून, डायल ऑफवर, आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात बसवूनच पिशवीत टाका.