हिरड्यांतून रक्त येते तेव्हा या चुका टाळा

चूळ भरल्यावर बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसले की अनेक जण दुसऱ्या दिवसापासून त्या जागेला ब्रश लावायचेच टाळतात. हिरड्यांच्या आजारात सर्वांत जास्त नुकसान याच भीतीमुळे होते, असे मला वाटते. कारण दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचल्याने सुजलेली हिरडी ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त सोडते, आणि ती जागा न घासता ठेवली की थर, सूज आणि रक्त ही तिन्ही वाढत जातात. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांनी दात घासणे थांबवले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

दिवसातून दोनदा दात घासावेत हे बहुतेकांना ठाऊक असते, तरीही ब्रश दाताच्या मधल्या भागावरच फिरतो आणि हिरडीची कड कोरडीच राहते. मऊ ब्रशचे केस साधारण ४५ अंशांत हिरडीच्या कडेकडे वळवून टेकवावेत आणि जागच्या जागी हलकेच हलवावेत. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूला ब्रश उभा धरावा. लाळग्रंथींची तोंडे तिथेच जवळ असल्याने त्या बाजूला कीटण, म्हणजे प्लाक कडक होऊन बनलेला थर, लवकर धरते, आणि आरशात ती सहसा दिसतही नाही. एकदा घट्ट झालेले कीटण घरी निघत नाही. ते काढण्यासाठी कडक ब्रशने जोर लावला, तर हिरडी मागे सरकते आणि दात मुळाशी झिजतो.

दोन दातांमधली जागा ब्रशच्या आवाक्यात नसते. फटी रुंद असतील तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा छोटा ब्रश, आणि दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये फिरवायचा बारीक दोरा, रोज वापरावा. माउथवॉश या सफाईची जागा घेऊ शकत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश तर सल्ल्याशिवाय दीर्घकाळ वापरूच नये, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात.

दवाखान्यात कीटण खरवडून काढतात त्याला स्केलिंग म्हणतात. ‘स्केलिंगने दात सैल होतात’ या समजापायी कित्येक जण उपचार लांबवतात. प्रत्यक्षात दाताला धरून ठेवणारे आतील हाड आधीच झिजलेले असते, फटी कीटणाने भरलेल्या असतात आणि ते निघाल्यावर त्या उघड्या दिसतात. काही दिवस दात शिवशिवतात, हेही खरे आहे. नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ववत होते, पण झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. म्हणूनच हा विलंब महाग पडतो.

दुखत नाही म्हणून आजार नाही, असे मानू नये. हा आजार बराच काळ न दुखता वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे खूणच झाकली जाते. मधुमेह असल्यास तसे दंतवैद्यांना अवश्य सांगावे, कारण अनियंत्रित साखरेने हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांच्या आजारामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

शेवटची चूक उपचारानंतर होते. रक्त थांबले की फेरतपासणी सोडली जाते, पण दात आणि हिरडी यांमधली खोली पुन्हा मोजल्याशिवाय आजार थांबला की नाही हे कळत नाही. निरोगी हिरडीत ही खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. हाड झिजलेल्या रुग्णांना सुरुवातीला बहुधा दर ३ महिन्यांनी बोलावतात; ती तारीख दवाखान्यातून निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.