ऑर्केस्ट्रापुढे पहिल्यांदा उभं राहताना

कॅम्पातली तालीम संपली की कुणीतरी विचारतंच, "सर, कंडक्टर व्हायचं तर सुरुवात कुठून करू?" आणि कुणी हळूच, "मी गे आहे, हे सांगू का?" काठी नंतर घ्या हो, आधी उचल शिका, म्हणजे पहिल्या ठोक्याआधी हात वर नेणं. मी ती ढोलपथकात ताशा वाजवताना शिकलो.

हात वर जायला जितका वेळ लागतो, तीच पुढची लय. वर नेताना नाकाने श्वास घ्या. समोरचे व्हायोलिनवाले नकळत तुमच्याबरोबर श्वास घेतात. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीवर करून बघा. ती सुरुवात सगळ्यांना पाठ असते, पण पहिल्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या पहिल्या गटात, आधी अर्ध्या मात्रेचा विराम आहे आणि मग तीन स्वर. म्हणजे हात खाली आपटतो तेव्हा चक्क शांतता! पहिल्या वेळी माझे अर्धे वादक हाताबरोबर वाजले, अर्धे नंतर. मी त्यांच्यावर डाफरलो. घरी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं, माझंच मनगट वर जाताना मध्येच थबकत होतं.

स्वतःची रचना वाजवून घ्यायची असेल तर व्हायोलाचा (व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाचा) भाग आल्टो क्लेफमध्येच, म्हणजे त्याचे वादक वाचतात त्या स्वरलेखनाच्या खुणेतच लिहा. पान उलटायच्या जागी विराम येईल असं बघा. आणि कपड्यांचे चिमटे न्या, हॉलचे पंखे कागद उडवतात.

आता तो दुसरा प्रश्न, आपण गे आहोत हे सांगायचं का? पहिल्या तालमीला जाहीर करायची काही गरज नाही. घरच्यांच्या पैशावर शिकत असाल तर घाई तर नकोच. कंडक्टर मरिन ऑल्सप २००७ साली अमेरिकेत बाल्टिमोर सिम्फनीच्या प्रमुख झाल्या, यानिक नेझे-सेगँ २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे संगीत-दिग्दर्शक झाले. दोघांनीही जोडीदार लपवलेला नाही. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ चा निकालही त्याच साली, ६ सप्टेंबरला आला. मी मात्र त्यानंतरही दोन वर्षं 'रूममेट' म्हणत राहिलो. प्रत्येक चहाच्या वेळी खोटं जुळवत बसायचं, फार दमायला होतं.

आता कार्यक्रमपत्रिकेत माझ्या परिचयाची शेवटची ओळ असते : 'जोडीदार आणि दोन मांजरांसह कोथरूडला राहतो.' एका आयोजकांनी फोन केला, "ती ओळ जरा मोठी होतेय, थोडं कमी करूया का?"

म्हटलं, "मांजरं काढा."