सर्व्हेसाठी माणसं किती लागतात? मार्केट रिसर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मार्केट रिसर्चमध्ये नवीन आलेली मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सॅम्पल किती घ्यायचं?" मी त्यांना आधी क्लायंटला दोन प्रश्न विचारायला पाठवतो. उत्तर हाती आल्यावर तुम्ही नेमकं काय ठरवणार? आणि ते सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच ठरवणार की शहरागणिक वेगळं? एवढं कळल्याशिवाय आकड्याला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेजात शिकलेलं सूत्र मात्र विसरू नका, ते रोज लागतं. ९५ टक्के खात्री हवी, उत्तर ५ टक्के इकडेतिकडे झालेलं चालेल आणि मतं निम्मी-निम्मी विभागलेली आहेत असं धरलं (सॅम्पल सर्वांत मोठं याच स्थितीत लागतं), तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५ माणसं. यात लोकसंख्या कुठेच नाही, हे पचायला वेळ लागतो. इचलकरंजीला ३८५ लागतात आणि मुंबईलाही तेवढीच. "शहराच्या एक टक्का लोकांना विचारू" या म्हणण्याला काहीच आधार नाही. लोकसंख्या फरक पाडते ती गट लहान असला तरच: एखाद्या कंपनीचे मुळात ५०० डीलर असतील, तर तेवढ्याच अचूकतेला २१८ पुरतात. ५ टक्क्यांची मोकळीक ३ वर आणायची असेल तर आकडा १,०६८ वर जातो. खर्चही त्याच मापाने चढतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. समजा, पाकिटातल्या ताकाचा सर्व्हे आहे आणि पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर मिळून ४०० घरं ठरली. एकूण आकड्याला ५ टक्क्यांची मोकळीक, सगळे खूश. पण प्रत्येक शहराच्या वाट्याला १०० घरं आली आणि तिथली मोकळीक झाली जवळपास १० टक्के. आता पुण्यात ५२ टक्के लोकांना नवी चव आवडली, नागपुरात ४४ टक्के. प्रेझेंटेशनमध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, नागपूरची जाहिरात कमी करा. दोन शहरांतल्या फरकाची मोकळीक इथे जवळपास १४ टक्के आहे. म्हणजे ८ टक्क्यांचा हा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. १० टक्क्यांचा खरा फरक असेल आणि तो शंभरात ऐंशी वेळा तरी सापडावा असं वाटत असेल, तर प्रत्येक शहरात ३९० च्या आसपास मुलाखती हव्यात. चार शहरांच्या झाल्या १,५६०.

तेवढा पैसा बहुतेक क्लायंटकडे नसतो. अशा वेळी मी शहरं कमी करायला सांगतो. चार शहरांत अर्धवट कळण्यापेक्षा दोन शहरांत नीट कळलेलं उपयोगी पडतं. शहरांवर क्लायंट अडून बसला, तर ज्या गटावर निर्णय अवलंबून आहे तेवढ्यापुरतं बूस्टर सॅम्पल, म्हणजे फक्त त्या गटातल्या जादा मुलाखती, घ्या. प्रश्नावली छापण्याआधी अहवालातले तक्ते रिकामे आखून बघायची सवय लावा. शहर, वय, वापरणारे-न वापरणारे असे रकाने पाडले की कुठल्या चौकटीत किती माणसं उरतात ते तिथेच दिसतं. सॅम्पल त्या सर्वांत लहान चौकटीवरून ठरवायचं.

मग फील्डचं गणित. पाकिटातलं ताक पाचातलं एकच घर घेत असेल आणि तुम्हाला घेणारी ३८५ घरं हवी असतील, तर १,९२५ घरांना स्क्रीनर, म्हणजे घर आपल्या कामाचं आहे का हे पाहणारे सुरुवातीचे प्रश्न, लावावा लागेल. दर दोन दारांतलं एकच दार बोलायला तयार झालं, तर ३,८५० दारं. फील्ड सुपरव्हायझरशी हे आधी बोला, दिवस आणि पैसे तोच नीट सांगतो. एकाच सोसायटीत किंवा वस्तीत दहा-बारा मुलाखती घेणार असाल, तर शेजाऱ्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात, त्यासाठीही सॅम्पल वाढवावं लागतं. दीडपटीची वाढ धरली तर ३८५ चे ५७८ होतात.

एक चूक मात्र सॅम्पल वाढवून जात नाही. साताऱ्याच्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या सर्वेक्षणांत (शेताचा छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधतात) दाखवून दिलं होतं की फार लहान तुकडे कापले की उत्पन्न जास्त भरतं, कारण तुकड्याच्या कडेवरची रोपं आत धरली जातात. असे तुकडे हजारोंनी कापले तरी आकडा फुगलेलाच राहणार. आपल्या कामातल्या कडेवरच्या रोपांसारखी घरं म्हणजे सकाळी अकराला सहज उघडणारी. नोकरी करणारी जोडपी तेव्हा घरात नसतात. त्यामुळे संध्याकाळच्या आणि रविवारच्या मुलाखती कोट्यात लिहूनच द्या, दार बंद मिळालं तर पुन्हा जायला लावा आणि बॅकचेकचे (झालेल्या मुलाखती पुन्हा पडताळून बघण्याचे) पैसे कधीही कापू देऊ नका. बजेट आखडलंच तर ६०० ऐवजी ४५० मुलाखती करा, पण याच पद्धतीने.

अहवालात प्रत्येक तक्त्याखाली किती जणांची उत्तरं आहेत ते लिहा. ३० पेक्षा कमी माणसांची टक्केवारी आम्ही छापतच नाही, आणि ३० ते ७५ च्या मधली असेल तर बाजूला खूण करून "संख्या कमी, दिशा म्हणूनच वाचा" असं लिहितो. क्लायंट ती ओळ काढायला सांगतात. काढू नका.